हत्तीडोहाचा पहिला मासा

शके १८३४, पौष वद्य तृतीया. मुक्काम पाथरघाट, गंगाथडी.

सरकारी कागदावर फसली सन घालतात. इथं मी शकेच घालणार, वही माझी आहे.

आज दुकान मांडलं. चौसाळ्याहून बैलगाडीनं मीठ, तेल, गूळ, तंबाखू आणि जाळ्याला लागणारं अंबाडीचं सूत आणलं. निघताना सिद्धेश्वरअण्णा म्हणाले, "मन्मथ, भोयांच्या वस्तीत लिंगायत वाण्याचं दुकान? अरे, मासळीच्या वासानंच पळून येशील." थोरला भाऊ म्हणून खाली मान घालून ऐकून घेतलं. मनात मात्र म्हटलं, दिवाळीला या आणि बघा.

वास आहे, खोटं कशाला बोलू. लई आहे. उपरण्याचं टोक नाकाला लावून गाडीतून उतरलो, तर सगळी वस्ती माझ्याकडं बघत उभी. हरिबा नावाचा जाणता माणूस पुढं आला. मिशा पांढऱ्या, छाती अजून पोहणाऱ्याची. माल काय आणला, भाव काय लावणार, असं विचारेल म्हणून मी तयारीत होतो.

"आप्पा, तुमी मासे खात न्हाई म्हणं?"

"आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग आहे."

"कवाच न्हाई? ल्हानपणी, चुकून?"

"जन्मात नाही," मी जरा चिडूनच म्हणालो.

तर त्यानं मागं वळून बायामाणसांकडं बघितलं आणि सगळे असे खूश झाले, जशी मी त्यांना जहागीरच वाटून दिली. घाटावरची पडवी लगेच मोकळी करून दिली. तिथं एक म्हातारा गोसावी राहायचा, तो गेल्या आषाढात वारला. भाड्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. आचरण शुद्ध असलं की परक्या गावातही मान मिळतो, हे अण्णांना एकदा सांगायला पाहिजे.

पौष वद्य नवमी

गिऱ्हाईक नाही. मीठ कुणी घेत नाही, सुताकडं तर कुणी बघतही नाही. कशात काय नि फाटक्यात पाय.

हरिबाचा मुलगा मुंजाजी तंबाखू मागायला आला होता. तोंडाचा वाचाळ, पण मनानं निर्मळ. त्याला विचारलं, "सूत कावून घेत नाही रे कुणी?"

"जाळं टाकायला जागा कुठं हाय, आप्पा? हत्तीडोह बांधलाय."

मग त्यानं समजावून सांगितलं. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, इथं माघानंतर आटत जाते. धारेत झिंगेच तेवढे उरतात, मोठे मासे सगळे खाली हत्तीडोहात जाऊन बसतात. वस्तीचा उन्हाळा त्या डोहावर निघतो. पण डोहात कुणी बुडालं, की डोह बांधला असं म्हणतात. गेलेल्या माणसाचं जे सगळ्यात जवळचं असेल त्यानं स्वतः पहिलं जाळं टाकायचं. तोवर मासे पायाशी येऊन उड्या मारू द्यात, कुणी पाण्याला हात लावत नाही.

"मग त्या माणसाला म्हणावं ना, की बाबा आता टाक."

"तेच तर म्हणायचं न्हाई. विचारायचं न्हाई, सुचवायचं न्हाई. त्याच्या मनानं उघडला तरच डोह उघडला."

गेल्या भादव्याच्या पुरात हरिबाचा पुतण्या म्हाळू त्या डोहात गेला. देह सापडला नाही. लग्न व्हायचं होतं. बाप आधीच वारलेला, राहिली ती आई, बायनाबाई. आता ती जाळं टाकील तेव्हा वस्तीच्या चुली नीट पेटायच्या, आणि माझ्या सुताला गिऱ्हाईक यायचं.

ही बायनाबाई रोज माझ्याच ओट्याच्या कडेला येऊन बसते. तिथून डोह दिसतो. हातात चाती असते आणि दिवसभर ती अंबाडीचं सूत कातते. असं सूत मी बीडच्या बाजारात पाहिलं नाही, कुठं गाठ म्हणून नाही. बोलत मात्र नाही.

माघ शुद्ध सप्तमी

ह्या लोकांचं मला कौतुक वाटायला लागलं आहे. खायची चणचण आहे, मुलं उंबरं गोळा करत फिरतात, पुरुष कुणाच्या विहिरीवर गाळ काढायला जातात. पण बायनाबाई समोरून गेली की सगळे हसून बोलतात. कुणाच्या कपाळाला आठी नाही. आमच्या चौसाळ्यात एखाद्यानं रस्त्यात बैल बांधला तर गावभर शिव्या होतात.

संध्याकाळी हरिबा ओट्यावर येऊन बसला, मागोमाग पाच-सात जण. म्हणाला, "आप्पा, तुमाला जुन्या गोष्टी लिव्हायचा नाद हाय म्हणं. मग ऐका." आणि त्यानं सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी उतरवतो.

"आमच्या आज्याच्या वक्ताची गोष्ट. त्याची चुलती व्हती, रखमा. तिच्या दाल्ल्याला हत्तीडोहात मगरीनं ओढलं. डोह बांधला. रखमा कुणाशी बोलंना. एक उन्हाळा गेला, दुसरा आला. लोकांनी झिंग्यांवर दिवस काढले, पर तिच्या दारात जाऊन कुणी हूं म्हणलं न्हाई. मग एका सकाळी तीच खांद्यावर जाळं टाकून आली. म्हणली, त्यो मला पाण्यात भेटलता, पाण्यातच गेला, आता पाण्यासंग मी किती भांडू? टाकलं जाळं. पयला मासा गोसाव्याच्या हातानं गंगेला परत दिला. ज्याच्या तोंडाला मासा लागलाय, त्याच्या हातून गंगामाय त्यो घेत न्हाई. मग समद्यांनी जाळी टाकली."

सांगायची हातोटी काय! फक्त एक खोड आहे. मी हाताच्या अंतरावर बसलेलो, तरी गडी पल्याडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलतो, आणि तोंडही माझ्याकडं करत नाही. पाण्यावर जन्म गेलेल्या माणसांना तशी सवय लागत असावी. बायनाबाईची चाती मधेच थांबली होती, मग पुन्हा फिरायला लागली.

माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र

उपवास. गंगेच्या पाण्यानं इष्टलिंगाची पूजा केली, मन प्रसन्न झालं.

माझ्या सोवळ्याओवळ्याला ही वस्ती माझ्यापेक्षा जास्त जपते. आज एक कुत्रं मासळीचं डोकं तोंडात धरून पडवीत शिरत होतं, तर मुंजाजीची बायको छबुबाई कडेवरचं तान्हं पोर सांभाळत काठी घेऊन धावली. हरिबानं लगेच पडवीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. माझ्या घागरीला कुणी हात लावत नाही. परवा मुंजाजीनं विचारलं, "आप्पा, तुमचं पीठ कुठून दळून येतं? जात्यावर कुणी सुकट तर दळत नसंल?" इतकी काळजी तर माझ्या सासरच्यांनी कधी केली नाही.

रोज कुणी ना कुणी गोष्ट सांगायला येतं. कुणाच्या आईनं डोह कसा उघडला, कुणाच्या बहिणीनं कसा उघडला. गंमत अशी की ह्यांच्या सगळ्या गोष्टी डोहाच्याच. दुसरा विषयच नाही. चालायचं, ज्याचं त्याचं दुखणं त्याच्या तोंडी.

फाल्गुन शुद्ध तृतीया

आज मुंजाजीनं हसवून मारलं. त्याचा पणजा तुळशा म्हणे पाण्यात गेला, नुसती भोपळ्यांची सांगड तरंगत सापडली. डोह बांधला. त्याची बायको लई तोंडाळ. तिनं डोह उघडला तर जाळ्यात नवऱ्याचं पागोटं आलं, वस्तीभर रडारड. "आन संक्रांतीला पणजा पैठणाहून तिळगूळ घिऊन दारात उभा. बायको म्हणली, कुठं गेलतास? म्हणला, तुझा आवाज येणार न्हाई इतकं लांब."

सगळे हसले. बायनाबाईसुद्धा हसली, मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग तिनं चाती खाली ठेवली आणि विचारलं, "मुंजा, खरंच आलता का रं त्यो परत?"

मुंजाजीचं तोंड उतरलं. शेवटी हरिबाच म्हणाला, "न्हाई, वैनी. पोरगं आपलं काहीबाही बोलतंय." आणि उठून गेला. मुंजाजी घाटाच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसून राहिला. गोष्ट तर चांगली झाली होती, मला त्यांचं काही समजलं नाही.

फाल्गुन शुद्ध नवमी

बायनाबाई त्या दिवसापासून ओट्यावर आली नव्हती, आज आली. दुकानात माशा मारायचासुद्धा कंटाळा आला आहे. होळी तोंडावर, ऊन चढलंय, गंगा पायरी-पायरीनं खाली चाललीय. मी ठरवलं, वाण्याची जात आहे, भीड काय ठेवायची? मी काही भोई नाही, मला ह्यांचा नियम लागू नाही. सगळे बसले असताना घसा साफ केला आणि म्हणालो, "बायनाबाई, मी काय म्हणतो, आता डोहाचं..."

एकदम सगळ्यांना खोकला आला. हरिबाला आला, मुंजाजीला आला, मागच्या म्हातारीला तर असा आला की तिला पाणी द्यावं लागलं. छबुबाईनं मांडीवरच्या पोरीला चिमटा काढला असावा, ती भोकाड पसरून रडायला लागली. त्या गलक्यात माझं बोलणं गेलं वाहून. नंतर हरिबानं मला बाजूला घेतलं. हात जोडले. "आप्पा, आमच्या पोटाला चिमटा बसतोय तो आमी सोसू. तिला इचारू नगा. तिचं एकुलतं एक गेलंय."

मला फार लाज वाटली. पण लाजेनं दुकान चालत नाही. अण्णांना निरोप धाडला, गाडी पाठवा.

होळी पौर्णिमा

मी जाणार हे कळल्यापासून वस्तीला काय झालंय कोण जाणे. ज्यांच्या घरात खारवायला मासा नाही ते मीठ घेऊन गेले. मुंजाजीनं न सांगता पडवीचं छप्पर शाकारलं. आज हरिबा स्वतः आला, "आप्पा, पाडवा तरी हितंच करा." मी विचारलं, माझ्यावाचून तुमचं असं काय अडलंय? म्हणाला, "तुमचं इमान चांगलं हाय." तराजू सरळ धरणाऱ्याची पारख गरिबालाच असते, हेच खरं.

गाडी आली, तीतून दानम्मा उतरली. मला घेऊन जायला माझी बायकोच पाठवली अण्णांनी. नाकाला पदर लावूनच उतरली.

फाल्गुन वद्य द्वितीया

रात्रीचं जेवण लवकर उरकून दिवेलागणीलाच दानम्माला सगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. तिला अक्षरओळख नाही, पण कान तिखट. शेवटी तिनं एकच विचारलं, "हे लोक गोष्टी सांगत होते, तेव्हा ती बायनाबाई कुठं बसलेली असायची?"

"कुठं म्हणजे? इथंच, ओट्यावर."

"लेकी बोले सुने लागे," असं म्हणून ती भांडी घासायला उठली. आम्हाला लेकही नाही आणि सूनही नाही, ही म्हण कशासाठी काढली कोण जाणे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आणि तुम्ही मासे खात नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं?" मी हो म्हटलं. ती माझ्याकडं बघून हसली. मग म्हणाली, गाडी परत धाडा, पाडव्यानंतर बघू. वासानं हैराण झालेली ही बाई, हिला इथं राहायची हौस कशी आली?

फाल्गुन वद्य द्वादशी

आजचं नीट लिहायला पाहिजे.

तिसऱ्या प्रहरी सगळे ओट्यावर होते. गोष्ट कुणी सांगत नव्हतं, सांगून संपल्या असाव्यात. छबुबाई आपल्या पोरीला घेऊन आली. ती कधी गोष्ट सांगत नाही. आज तिनं पोरगी बायनाबाईच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. बायनाबाईनं चाती बाजूला केली. पुष्कळ वेळ त्या पोरीकडं बघत राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "समद्यांच्या गोष्टी लिव्हल्या. आता मपली लिव्हा."

मी दौत ओढली.

"भादवा व्हता. गंगा दोन्ही थड्या लावून चाललती. छबूला कळा लागल्या, मूल आडवं. दाई पल्याड. मुंजा तापानं फणफणत पडलेला. म्हाळू म्हणला, मी जातो. म्या म्हणलं, पाणी बघ की रं. म्हणला, माय, पाणी मी बघतो, तू छबूला बघ. मग म्या छबूला बघितलं, आन त्यानं पाणी बघितलं. ही पोर मपल्या हातात आली तवा रडंना. मी हिच्या पाठीत थापट्या मारीत व्हते. भाईर लोकं वरडत व्हती, मला वाटलं पाऊस हाय. ही रडली, आन मी हसत भाईर आले."

मुंजाजीनं तोंड गुडघ्यात घातलं होतं.

"मी बहिरी न्हाई, भावजी," ती हरिबाला म्हणाली. "रखमाची गोष्ट ऐकली. समद्या ऐकल्या. तुमी माघापास्नं आप्पांच्या कानात सांगताव आन मला ऐकू येतंय. तुमची लेकरं उंबरं खात्यात, ते बी दिसतंय. पर जाळं टाकलं आन त्यात त्याचं हाडूक आलं, तर मी ते हातात कसं धरू, ते एकाच्या बी गोष्टीत न्हाई."

हरिबा खाली बघत होता. मग छबुबाई म्हणाली, "तुमी धरू नगा, आत्याबाई. मपल्या पदरात टाका. ही पोर बी त्याच पदरात हाय."

बायनाबाईनं पोरगी तिच्या हातात दिली, चाती उचलली आणि घराकडं गेली.

मला रडू आलं, ते लपवत नाही. आणि आत्ता कुठं डोक्यात उजेड पडला. ह्या गोष्टी मला कधी सांगितल्याच नव्हत्या. मी आपला रोज मान डोलवतोय, वा वा म्हणतोय! विचारायचं नाही म्हणजे नाही, तोंडावर नियम मोडायचा नाही, तर ह्या माणसांनी एका वाण्याला मधे बसवलं आणि त्याच्या आडून त्या माऊलीला सोबत केली. दानम्माला म्हटलं, तू गोष्टी ऐकल्या तेव्हाच ओळखलंस. ती म्हणाली, "अजून अर्धंच कळलंय तुम्हाला." आता आणखी काय राहिलं?

शके १८३५, चैत्र शुद्ध तृतीया

सकाळी पूजेला बसायच्या आधीच मुंजाजी बोलवायला आला. घाटावर सगळी वस्ती जमलेली.

बायनाबाई खांद्यावर म्हाळूचं जाळं घेऊन आली. इथल्या बाया जाळं विणतात, टाकत नाहीत. ती गुडघाभर पाण्यात उतरली, दोर मनगटाला बांधला आणि कमरेतून वळून जाळं भिरकावलं. ते पाण्यावर पुरतं गोल पसरलं. हरिबा हळूच म्हणाला, "तिनंच शिकवलं त्याला. माझा भाऊ लवकर गेला."

ओढताना जाळं जड लागलं. तिचे पाय सरकत होते, मुंजाजीच्या मुठी वळलेल्या, पण कुणी पुढं झालं नाही. पुढं व्हायचं नसतं. फक्त छबुबाई पदर पसरून तिच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली. जाळं काठावर आलं. शेवाळ, शिंपले, गोटे, एक कुजलेली फांदी, आणि एक मरळ मासा, हाताएवढा, जिवंत. बायनाबाई खाली बसली. एकेक शिंपला, एकेक गोटा तिनं उलटून बघितला. फांदीसुद्धा उलटून बघितली. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "न्हाई." तिला बरं वाटलं की वाईट, मला सांगता येत नाही. छबुबाईनं तरी पदर आवरला नाही.

मग बायनाबाईनं तो मासा दोन्ही हातांनी उचलला आणि पायऱ्या चढून सरळ माझ्यापुढं आली.

"घ्या, आप्पा."

मी सवयीनं मागं सरलो. हरिबानं माझ्या पाठीला हात लावला. "पयला मासा सोडणारा गोसावी गेला, मागनं म्हाळू गेला आन डोह बांधला. आमच्यात मासा न खाल्लेलं माणूस तान्ह्या पोराबिगर कुणी न्हाई. डोह उघडला तरी पयला मासा गंगेला कुणी द्यावा, ह्याचा आमाला घोर. मग तुमी आलात, उपरणं नाकाला लावून."

म्हणजे पडवी, काट्यांचं कुंपण, माझी घागर, माझं पीठ, सगळं ह्यासाठी. इमान नाही, तराजू नाही. क्षणभर मनाला लागलं. दानम्मा तिकडं उभी होती, तिनं मान हलवली, घ्या म्हणून.

घेतला. थंडगार आणि भलताच ताकदीचा. मी पाण्यात उतरलो, धोतर भिजलं. हरिबानं वरून सांगितलं, "त्याचं नाव घ्या आन सोडा."

"म्हाळू," मी म्हणालो आणि हात पाण्याखाली उघडले.

तो लगेच गेला नाही, माझ्या पायांशी घुटमळला. बायनाबाई शेजारी येऊन उभी होती. ती वाकली, पाण्याला हात लावला आणि त्याच्याशी बोलावं तसं बोलली, "जा, बाळा. छबूला बघितलं. आता पाणी बी मीच बघते."

तेव्हा गेला.

आता लिहितोय तर खाली वस्तीची जाळी पडतायत. सूत सगळं खपलं, मिठाला रांग आहे, दानम्मा तराजू धरून बसलीय आणि पदर नाकाला नाही. दोनदा ओरडून झालं तिचं, अंघोळीचं पाणी काढलंय, लिंगपूजा खोळंबलीय. खरं आहे. हातांना मासळीचा वास येतोय, अजून लई येतोय.

जातो थोड्या वेळानं.